दुपारी अकरा ते पाच: घरात अडकलेल्या पोरांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नागपूरची. एप्रिलच्या मध्यापासून आमच्याकडे अकराच्या सुमारास दार लावून घ्यावं लागतं, ते पाचलाच उघडायचं. पारा ४५ च्या पलीकडे गेला की रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. उन्हापायी विदर्भातल्या शाळा जूनमध्येही बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिराच उघडतात. नेमक्या त्याच दिवसांत भावाबहिणींचे पोट्टे माझ्याकडे जमतात: चार ते तेरा वर्षांचे, कधी चार तर कधी सात. दोन खोल्या, एक कुलर आणि मी. इतक्या वर्षांत मैत्रिणींनी, वहिन्यांनी आणि शेजारणींनी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, ते इथे एकत्र केले आहेत.

मुलगा दर दहा मिनिटांनी येऊन "बोअर होतंय" म्हणतो. काय करू?

आधी पोट, झोप आणि ताप बघून घ्या. भुकेलं पोर भूक लागली असं क्वचितच सांगतं. ते कंटाळा आला म्हणतं. हे तिन्ही ठीक असेल तर काही करू नका. पहिली वीसेक मिनिटं अवघड जातात. ते लोळेल, पंख्याकडे बघेल, धाकट्याला चिमटा काढेल. तेवढं निभावून न्या.

आमच्याकडे एक कायदा आहे. "मावशी, बोअर होऊन राह्यलं" असं जो म्हणेल, त्याने बादलीने कुलरमध्ये पाणी भरायचं (कुलर बंद करून, प्लग काढून, माझ्या देखत). दोन दिवसांत तो शब्द ऐकू येईनासा झाला. कंटाळा कुठे गेला नव्हता. तो माझ्यापर्यंत आणण्यात फायदा उरला नव्हता, एवढंच. एका दुपारी याच मोकळ्या वेळात कुलरच्या रिकाम्या खोक्याचं एटीएम झालं. धाकटा आत बसून फटीतून कागदी नोटा सरकवायचा आणि "शिल्लक अपुरी आहे" असं ओरडायचा. हे मला सुचलं नसतं. मी "चला, आज आपण एटीएम बनवू" म्हणाले असते, तर दहा मिनिटांत संपलं असतं.

म्हणजे आपण काहीच द्यायचं नाही?

द्यायचं, पण हाताशी ठेवून. करून दाखवायला बसायचं नाही. माझ्याकडे खाटेखाली एक खोकं असतं. बोथट टोकाची कात्री, दोरा, जुनी वर्तमानपत्रं, लग्नपत्रिका (इतका चांगला जाड कागद विकतही मिळत नाही), फुटक्या बांगड्यांचे कडा घासलेले तुकडे, बटणं, चिंचोके, एक भिंग, एक लोहचुंबक, सायकलच्या दुकानातली व्हॉल्व्ह ट्यूब. डिंक संपला की मैद्याची खळ शिजवतात; तो एक वेगळाच उद्योग आणि अर्धा तास त्यातच जातो. दुकानातले "ॲक्टिव्हिटी किट" मी एकदाच आणले होते. दिलेलं चित्र दिलेल्या रंगात रंगवून झालं आणि खोकं रद्दीत गेलं.

मोबाइल अजिबात द्यायचा नाही का?

इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये सांगितलेली मर्यादा अशी: दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा नको, नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल चालेल, दोन ते पाच वयात दिवसाला जास्तीत जास्त एक तास, पाच ते दहा वयात दोन तासांपेक्षा कमी. सुट्टीतले सहा तास यात बसत नाहीत, हे उघड आहे.

मी मोबाइल वेळेला बांधते. दुपारी साडेतीन ते साडेचार, सगळ्यांनी मिळून, मोठ्या पडद्यावर, एकच गोष्ट. काय बघायचं यावर त्यांची जी चर्चा होते ती कित्येकदा बघण्यापेक्षा रंगते. "रडला की मोबाइल" हे मात्र एकदाही करू नका. एकदा केलंत की रडण्याचा भाव ठरतो.

पत्ते शिकवले तर वाईट वळण लागेल, असं सासूबाई म्हणतात.

त्यांना डावात चौथा भिडू म्हणून बसवा. दोन दिवसांनी त्याच पत्ते पिसतील.

पैसे न लावता खेळलेले पत्ते म्हणजे बेरीज, लक्षात ठेवणं आणि गप्प बसणं, या तिन्हींची शाळा. तिसरं सर्वांत अवघड. वयानुसार माझा क्रम सांगते.

पाच-सहा वर्षांच्यांना *गुलामचोर*. एक गुलाम काढून ठेवायचा, सगळे पत्ते वाटायचे, जोड्या टाकत जायच्या आणि शेजाऱ्याच्या हातातला एकेक पत्ता न बघता ओढायचा. शेवटी ज्याच्या हातात एकटा गुलाम तो चोर. चेहरा कोरा ठेवायला पोट्टे इथेच शिकतात. त्यानंतर *बदाम सात*: बदामाची सत्ती खाली पडली की वर अठ्ठी, खाली छक्की अशी चळत लावायची, बाकी रंगांचंही तसंच. आकड्यांचा चढ-उतार याहून सोप्या तऱ्हेने मला शिकवता आलेला नाही. मग *झब्बू*. आलेल्या रंगाचा पत्ता हातात नसला की दुसऱ्या रंगाचा टाकून झब्बू द्यायचा; त्या हातात सर्वांत मोठं पान ज्याचं, तो सगळी पानं उचलतो. झब्बूत धाकटे मोठ्यांना मनसोक्त छळू शकतात, म्हणून तो त्यांना फार आवडतो.

नऊ-दहा वर्षांपुढे तिघं असतील तर *पाच-तीन-दोन*. अठ्ठीपासून एक्क्यापर्यंतची २८ पानं, त्यात बदाम आणि इस्पिकची सत्ती घातली की ३० होतात, म्हणजे प्रत्येकी दहा. पहिल्या पाच पानांवर हुकूम बोलायचा. बोलणाऱ्याने पाच हात करायचे, वाटणाऱ्याने दोन, उरलेल्याने तीन. ज्याचे कमी झाले त्याच्याकडून पुढच्या डावात पानं ओढायची. ही जी उधारी आहे तीच या खेळाची गंमत; काल रात्रीचे दोन हात आज सकाळी दात घासताना आठवून देणारी भाची माझ्याकडे आहे. दोघंच असतील तर याच तीस पानांत *सात-आठ*. चौघं असतील तर *मेंढीकोट*, जोडीदाराशी एक शब्द न बोलता चार दश्श्या पकडायच्या. सख्खे भाऊ जोडीदार ठेवू नका. भांडण ठरलेलं.

खेळात हरला की रडतो, डाव उधळतो.

सहा वर्षांपर्यंत हे चालायचंच. मुद्दाम हरून दाखवू नका, त्यांना ते लगेच कळतं आणि अपमान वाटतो. त्यापेक्षा नशिबाचा भाग मोठा असलेले खेळ निवडा, म्हणजे मोठ्यांनाही खरोखर हरता येतं. डाव उधळला तर त्यानेच पत्ते गोळा करायचे, ५२ मोजून द्यायचे. मोजता मोजता राग उतरतो.

काचकवड्या, चल्लस आठ वगैरे आजी खेळायची म्हणे. घरी कसं मांडायचं? सामान कुठे मिळतं?

सामान लागतच नाही. खडूने फरशीवर पाच बाय पाच चौकटी आखा. मधल्या चौकटीत आणि चारही बाजूंच्या मधल्या घरात फुली मारा. प्रत्येकाच्या चार सोंगट्या: बटणं, बांगडीचे तुकडे, खडे, काहीही, फक्त रंग वेगळा हवा. फाशांऐवजी चार कवड्या. नसतील तर दोन चिंचोके किंचित भाजून, फोडून त्यांच्या चार डाळी करा: एक बाजू पांढरी, एक तपकिरी. जितक्या पांढऱ्या बाजू वर, तितकं दान. चारही पांढऱ्या आल्या तर चार, चारही तपकिरी आल्या तर आठ. चार किंवा आठ पडलं की आणखी एकदा टाकायला मिळतं. नावातला आठ तो हाच.

आपल्या बाजूच्या फुलीतून निघायचं, बाहेरच्या १६ घरांतून एका दिशेने फिरायचं, मग आतल्या आठ घरांतून उलट दिशेने, आणि शेवटी मधलं घर. फुलीवर बसलेली सोंगटी मारता येत नाही. दुसऱ्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आत शिरायला मिळत नाही. या एका नियमामुळे अगदी भित्रं पोरही धाडस करायला लागतं. गावोगावी नियम थोडे वेगळे असतात. तुमच्या आईला किंवा आजीला फोन करून विचारा. आमच्याकडे या फोनवरच एक तास गेला आणि आजीने आपल्या धाकट्या बहिणीने १९६२ साली केलेली लबाडी सविस्तर सांगितली.

जुन्या देवळांच्या आणि लेण्यांच्या फरशीवर असे कोरलेले पट दिसतात. पुढच्या सहलीत पोरांना शोधायला लावा.

स्वयंपाकघरात घेतलं तर कामच वाढतं.

पहिले तीन दिवस वाढतं. नंतर थोडं कमी होतं, पण त्यासाठी कामं खरी हवीत. "तू माझी मदतनीस" म्हणून हातात कणकेचा गोळा देऊन बसवलं, की आपली फसवणूक झाल्याचं त्यांना लगेच कळतं.

शेंगा फोडणं, मटार सोलणं, लसूण निवडणं, हे सगळ्यांना माहीत आहे. माझ्या कोकणातल्या वहिनीने शिकवलेलं एक काम मात्र या सगळ्यांवर मात करतं: वाल सोलणं. वाल रात्रभर भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे आणि कोमट पाण्यात टाकायचे. मग चिमटीत धरून दाबलं की डाळिंबी सुर्रकन बाहेर उडते. ती दुसऱ्याच्या डोक्यावरही उडते, हे आधीच सांगून ठेवते.

दुसरं, लोणी. आठवडाभराची साय विरजून ठेवा, थंडगार करून घट्ट झाकणाच्या बरणीत अर्ध्यापर्यंत भरा आणि आळीपाळीने हलवायला द्या. आमच्या उन्हाळ्यात लोणी पातळ होऊन वर धड येत नाही, म्हणून बर्फाचे खडे टाकावे लागतात. बराच वेळ काहीच होत नाही. मग आवाज बदलतो, बरणी एकदम जड लागते आणि ताक वेगळं होतं. त्या क्षणी सगळे ओरडतात. लोणी गरम पोळीवर साखर घालून तिथल्या तिथे संपतं, तूप कढवायला काही उरत नाही.

तिसरं, वाळवण. गहू तीन दिवस भिजवून, वाटून, चीक काढून कुरड्या घालणं आता फार घरांत होत नाही, पण किलोभराच्या तरी घालून बघा. पहाटे गच्चीवर सोऱ्या फिरवायला पोट्टे न उठवता उठतात, कारण आधी वाटीभर गरम चीक खायला मिळतो. नंतर राखणीचं काम: कावळा आला की हाकलायचं. ही राखण सकाळी नऊपर्यंतच, पुढे ऊन. दुपारी अर्धवट वाळलेल्या कुरडीचा एक कोपरा कुणी मोडला याची चौकशी घरात बसून करता येते.

गॅस आणि सुरी यांच्याबाबत माझा नियम: दहा वर्षांखाली मी शेजारी उभी असल्याशिवाय नाही.

पैसे खर्च न करता विज्ञानाचं काही करता येईल?

हळदीपासून सुरुवात करा. हळदीचं पाणी पांढऱ्या कागदाला फासून वाळवा. त्यावर साबणाच्या किंवा खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवलेल्या काडीने लिहिलं की अक्षरं लाल उमटतात. वर लिंबू फिरवलं की पुन्हा पिवळी. दाराशी गोकर्णीचा वेल असेल तर निळी फुलं गरम पाण्यात टाका. निळं पाणी लिंबाने जांभळं होतं, सोड्याने हिरवट. जास्वंदीचंही असंच, लिंबाने लालगुलाबी, सोड्याने हिरवी. एका दुपारी पोरांनी घरातल्या अठरा वस्तू अशा तपासल्या: चिंच, ताक, टूथपेस्ट, शेवटी स्वतःची थुंकीसुद्धा. वहीत तक्ता केला. कुणी सांगितला नव्हता.

व्हॉल्व्ह ट्यूबचे लहान तुकडे आणि गुल काढलेल्या आगपेटीच्या काड्या यांपासून त्रिकोण, चौकोन, घन जोडता येतात. चौकोन दाबला की वाकतो, त्रिकोण वाकत नाही. पुलाला आणि मनोऱ्याला त्रिकोण का असतात ते बोटांना कळतं. ही युक्ती अरविंद गुप्तांची. कानपूरच्या आयआयटीत शिकलेला हा अभियंता नंतर पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत टाकाऊतून खेळणी करत राहिला. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या संकेतस्थळावर कृती आणि पुस्तकं फुकट आहेत, मराठीतही आहेत. पण एक इशारा: पोरांना व्हिडिओ लावून देऊ नका. तुम्ही बघा, सामान टेबलावर ठेवा आणि निघून जा.

लवकर उगवणारं काही हवं असेल तर ओल्या कापसावर अळीव टाका, दोन दिवसांत मोड दिसतात. मग कुंडीत मेथी. सांबार, म्हणजे तुमच्याकडची कोथिंबीर, आठवडाभर तरी तोंड दाखवत नाही. लहानांना ती पहिल्यांदा लावायला देऊ नका, रोज उकरून बघतात.

एकुलता एक आहे. खेळायला कुणी नाही.

सोसायटीतल्या दोन घरांशी ठरवून घ्या: आज तुमच्याकडे, उद्या आमच्याकडे, परवा त्यांच्याकडे. तीन मुलं एकत्र सांभाळणं एकाला सांभाळण्यापेक्षा सोपं असतं. हे मी अनुभवाने सांगते, पहिल्या दिवशी खरं वाटणार नाही. एकट्याने रमण्यासाठी सागरगोटे उत्तम: एक वर उडवायचा, तो खाली यायच्या आत जमिनीवरचा दुसरा उचलून दोन्ही झेलायचे, मग दोन, मग तीन. मुलग्यांनाही द्या. "मुलींचा खेळ" म्हणून हसणाऱ्या माझ्या तेरा वर्षांच्या भाच्याला तीन दिवस दोनच्या पुढे जाता आलं नव्हतं.

वयात फार अंतर आहे. एकत्र काय खेळतील?

चिठ्ठ्यांचा राजा-राणी-चोर-शिपाई सगळ्यांना चालतो. *नाव-गाव-फळ-फूल* सुद्धा, फक्त धाकट्याला मोठ्याच्या गटात घाला. नेहमीच्या रकान्यांना चार दिवसांत पोरं कंटाळतात, तेव्हा नदी आणि किल्ला जोडा. 'त' आला तर तारा, तुळजापूर, ताडगोळा, तगर, तापी, तोरणा. वेगळं उत्तर आलं तर १० गुण, दोघांचं सारखं आलं तर ५. ताडगोळा हे फळ की फळाच्या आतला गर, यावर आमच्याकडे मतदान झालं आहे.

परदेशातून आलेली भाचरं मराठी समजतात पण बोलत नाहीत.

शिकवायला बसू नका. गाण्याच्या भेंड्या लावा. गाणं येत नसेल तर शब्दाच्या भेंड्या: शेवटचं अक्षर धरून पुढचा शब्द. 'ळ' आणि 'ण' वर अडलं की आमच्याकडे 'ल' आणि 'न' चालतात. न्यू जर्सीहून आलेल्या माझ्या भाचीने पहिल्या दिवशी "कप" आणि "बस" यांवर काम भागवलं. आठवड्याने ती मुद्दाम "पोळी", "केळी", "चाळ" असे शब्द टाकून, दर वेळी 'ल' वरच आणून दुसऱ्यांना अडकवायला लागली. डाव जिंकायला भाषा लागते म्हटल्यावर ती येते. गुलामचोरात "चोर, चोर" ओरडायला तर शिकवावंच लागत नाही.

पुस्तकं देते, पण वाचत नाही.

तुम्ही मोठ्याने वाचा. दुपारी जेवणानंतर, दिवा बंद, कुलर चालू, सगळे आडवे. ऐन रंगात आल्यावर थांबा आणि पुस्तक तिथेच विसरून भांडी घासायला जा. बालभारतीचं "किशोर" मासिक १९७१ पासून निघतं आहे आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. आपल्या आईबाबांच्या वयाचा अंक काढून त्यातल्या जाहिराती आणि कोडी बघणं हा पोरांना नवाच खेळ वाटतो.

दोन-तीन वर्षांच्या मुलाचं काय?

त्याला वाट्या, चमचे, एक डबा आणि त्याचं झाकण पुरे. वरच्या खेळांतले चिंचोके, सागरगोटे, बटणं त्याच्या हाती लागू देऊ नका, श्वासनलिकेत अडकतात. खेळण्यातली चपटी गोल बॅटरी त्याने गिळल्याचा नुसता संशय आला तरी वाट बघू नका, तडक दवाखाना गाठा. आणि उन्हाळ्यात घरोघरी भरून ठेवलेल्या बादल्या, टब झाकून ठेवा. वीतभर पाणीही या वयाला धोक्याचं.

घरून काम करते. मीटिंग चालू असताना नेमके येतात.

मीटिंगच्या आधी पंधरा मिनिटं पूर्ण त्यांना द्या, फोन बाजूला ठेवून. मग दारावर लाल बांगडी अडकवा: ती असेपर्यंत फक्त रक्त, आग किंवा उलटी. आमच्या शेजारणीने हे केलं, तेव्हा तिच्या मुलाने दारातून विचारलं, "थोडंसं रक्त चालेल का?"

उन्हाळी शिबिर लावू का?

मुलाला हवं असेल आणि सकाळी दहापर्यंत सुटणारं असेल तर लावा. महिनाभराचं, चार-चार विषयांचं लावू नका. एका वर्षी मी एका पोराला असंच घातलं, घरी येऊन तो म्हणाला, "मावशी, सुट्टी कधी लागणार?"

पसारा कोण आवरणार?

पावणेपाचला ताट वाजतं. पाचपर्यंत जमीन दिसली पाहिजे. एटीएम, पूल, किल्ला अशा चालू कामांना खाटेखाली मुक्काम मिळतो, बाकी सगळं खोक्यात. आवरलं नाही तर दार उघडत नाही.

आणि पाचनंतर?

पाचनंतर तुमचं काही काम नाही. पन्ह्याचे पेले रिकामे होतात, चपला उलट्यासुलट्या पायात जातात आणि खाली डब्बा ऐसपैस सुरू होतो. आठ वाजता जेवायला बोलवायला जाल, तेव्हा एकजण जिन्याखालून ओठांवर बोट ठेवून तुम्हालाच गप्प राहायला सांगेल.